हशासाठी सोडलेली जागा

एक सुजलेली अक्कलदाढ.

लोखंडी खाट. रंग दवाखान्याचा, चाकं हातगाडीची.

मेलेल्या माणसानं हसू नये, असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

आईची नवी चप्पल.

यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटत असेल, तर जरा थांबा. माझं अख्खं नटपण यांच्यावरच उभं होतं आणि यांच्यावरूनच घसरलं. (हशा)

हा कंसातला हशा माफ करा. सवय आहे. मी मूळचा विनोदी मालिकेचा लेखक. आमच्या धंद्यात विनोद झाला की पुढे कंसात 'हशा' लिहितात, म्हणजे नटानं तिथे थांबायचं. किती थांबायचं? तर मनातल्या मनात 'चहा ओत, साखर घाल, ढवळ' असं म्हणून होईपर्यंत. लोकांना हसून घ्यायला तेवढं पुरतं. तालमीत सगळ्यांची वाक्यं मीच म्हणून दाखवायचो, त्यामुळे ही ढवळाढवळ माझ्या हाडीमाशी भिनली होती. घरी मीठ मागितलं तरी मी थांबून बायकोच्या तोंडाकडे बघायचो. ती म्हणायची, "हसू की मीठ देऊ?"

माझ्या विनोदांना सगळे हसायचे. आई सोडून. ती लांब राहायची. प्रत्येक भागानंतर मी फोन करायचो.

"बघितलंस?"

"बघितलं की. शेवटी तुझं नाव आलं."

"आणि विनोद?"

"असतील."

असतील!

तेव्हाच मी ठरवलं, हिला हसवता येत नाही ना, मग रडवून दाखवतो. रडवण्यात काय आहे? कांद्यालाही जमतं. (हशा)

संधी चालून आली ती शेजारच्या स्टुडिओतून. तिथे एक कौटुंबिक मालिका चालायची. त्या घरातले लोक जेवतानासुद्धा रडत. एका सकाळी थोरल्या काकांचं काम करणाऱ्या नटाची अक्कलदाढ सुजली आणि गाल फुग्यासारखा झाला. दिग्दर्शक काकांचा कोट हातात घेऊन आमच्या दालनात आला आणि दिसेल त्याला घालून बघू लागला. कोट मला बसला. नटांची निवड इतकी पारखून होते!

पुतण्यानं घर बळकावलेलं, आणि दारात उभं राहून काका विचारतात, "या घरात माझी खोली कुठली?"

मी वाक्य म्हटलं आणि थांबलो. चहा ओतला, साखर घातली, ढवळली. एकेकाच्या तोंडाकडे आशेनं पाहिलं. हसा रे कुणीतरी! कुणी हसलं नाही. रंगभूषा करणाऱ्या बाईंनी पावडरच्या पफनं डोळे टिपले. दिग्दर्शकानं कानावरचे हेडफोन काढून हातात धरले, जसं काही कुणी खरंच गेलं होतं. त्या एका शांततेत त्याला म्हणे उद्ध्वस्त आयुष्य दिसलं. मला तर पडलेला विनोद दिसत होता. सकाळी तो मला "ए लेखका" म्हणत होता, संध्याकाळी "सर" म्हणू लागला. त्या बिचाऱ्या नटाची दाढ निघाली आणि तिच्याबरोबर भूमिकाही.

मग काय विचारता! विनोदाची टेबलखुर्ची मी सोडूनच दिली. बदनाम झालेला न्यायाधीश, मुलगी दुरावलेला डॉक्टर, आंधळा वादक; जिथे म्हणून दुःख होतं तिथे मी थांबून बघत होतो. एका वार्ताहरानं घरी येऊन विचारलं की एवढी वेदना येते कुठून. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आतून." आतून बायको म्हणाली, "चहातून."

आईला फोन चालूच होते.

"बघितलंस?"

"बघितलं."

"रडलीस?"

यावर तिला एकदम खोकला आला. बराच वेळ. मग तिनं विचारलं, मी वेळेवर जेवतो ना.

म्हणजे नाहीच रडली. मी इरेला पेटलो. थोरले काका मरणार होते, त्या दिवशी आईलाच सेटवर आणायचं ठरवलं. समोर पोटचा पोरगा मरतोय आणि आई रडत नाही, असं होईल? तसं झालंच, तर हा धंदा सोडायचा, असं बायकोला सांगून टाकलं. तिनं आईला गाडी पाठवली. आईनं फोनवर एवढंच विचारलं, "मरणाला यायचं तर चप्पल नवी घालू की जुनी?"

दवाखान्याची खोली पुठ्ठ्याची होती. तिला लागूनच मालिकेतलं स्वयंपाकघर उभं होतं. आईला कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली. मी खाटेवर पडलो, नाकात नळी, उशाशी पुतण्या. शेवटचं वाक्य घेतलं: "घ्या. माझी खोली रिकामी झाली."

चहा ओतला. साखर घातली. डोळे किलकिले करून अंधारात पाहिलं. आईचे खांदे हलत होते!

जिंकलो. एवढी वर्षं ज्याच्यासाठी धडपडलो ते समोर होतं. घाईनं मरून ते घालवू कसं? मी आणखी एक कप ओतला. कुणीतरी कळवळून आईला पाणी दिलं. तिनं घोट घेतला, आणि तो नाकातून बाहेर आला. मागोमाग फळीवरून भांडी कोसळावीत तसं हसू कोसळलं. ती हातरुमाल तोंडात कोंबत होती, हसू रुमालाच्या कडेनं येत होतं.

तोवर मी मान टाकून मेलो होतो. पण आयुष्यात पहिल्यांदा आई मला हसली होती हो! माझं तोंड आपोआप फाकलं. प्रेताचे दात बघून पुतण्यानं तोंड लपवायला माझ्या छातीवर झेप घेतली. त्या धक्क्यानं खाट निघाली. मी, माझ्यावर पुतण्या, मागे सलाइनची बाटली उंच धरून धावणारी नर्स, अशी अंत्ययात्रा पुठ्ठ्याची भिंत फोडून थेट स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धडकून थांबली.

"कोण हसलं?" दिग्दर्शकाचा आवाज कापत होता.

नवी चप्पल करकरवत आई उभी राहिली. "मी हसले. माझाच आहे तो."

मग तिनं सगळ्यांना सांगितलं. शाळेच्या नाटकात मी झाड झालो होतो. वाक्य एकही नव्हतं, पण आता लोक टाळ्या वाजवतील म्हणून असंच तोंड करून बघत उभा होतो, पडदा पडल्यावरसुद्धा. "टीव्हीवर त्याला बघितलं की मला तेच झाड दिसतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "घरी एकटीच हसत होते रे. म्हटलं, तुला वाईट वाटेल."

दिग्दर्शक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मिश्या हलायला लागल्या.

तिथून पुढे मी कुठेही दुःखानं थांबलो की कॅमेऱ्यामागे कुणीतरी "झाड" असं पुटपुटायचं आणि दृश्य पुन्हा घ्यावं लागायचं. एकदा झाड दिसलं की माणूस दिसत नाही. बायकोला दिलेला शब्द मोडावा लागला नाही. आई रडली नव्हतीच. मी माझ्या जुन्या टेबलखुर्चीवर परत आलो. अजूनही प्रत्येक भागानंतर फोन करतो.

"बघितलंस?"

"बघितलं. नाव आलं."

"आणि विनोद?"

"असतील."

मी पहिला विनोद लिहिला त्याच्या आदल्याच वर्षी आईच्या टीव्हीचा आवाज गेला होता, आणि चित्र दिसतंय म्हणून तिनं तो दुरुस्त करून घेतला नव्हता.