कावेरीबाईंची घाटमोहीम आणि जुनी गिअरबॉक्स

श्री वाटेवरल्या देवास दंडवत. घाटाखालील मुलखीं जें वर्तलें तें ऐकिलें तैसें लिहिलें. चुकलें तें आमचें, खरें तें ज्याचें त्याचें. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीचे दिवशीं कावेरीबाई शेलार, वय वर्षें सत्तावीस, आपली जुनी जीप घेऊन बाजारास निघाल्या. आंत नऊ माणसें आणि दोन शेळ्या. घाटाचे शेवटचे चढणीस दुसरा गिअर टाकिला तों जात्यांत खडे पडावे तैसा कडकडाट जाहला आणि जीप जागींच उभी राहिली. माणसें उतरलीं, शेळ्या उतरल्या, आणि बाई बहुत खिन्न जाहल्या. कारण कीं बारा वाड्यांस दुसरें वाहन नाहीं. आजारी मनुष्य दवाखान्यास, कांदे बाजारास, बाळंतीण माहेरास, सर्व भार त्या एका जीपेवर. आणि बाईंचें लग्न बारा दिवसांवर आलेलें.

मग जीप ओढून शहरींच्या थोरल्या वर्कशॉपांत नेली. तेथें काचेचें दालन, गार हवा, आणि एक कारकून बसला होता. त्यानें गाडी पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या गिअरचे दात गेले, शाफ्टही गेला. नवी गिअरबॉक्स घाला. खर्च गाडीच्या किमतीच्या दुप्पट येईल. माझं ऐका, भंगारात द्या." बाई ठेवलेला चहा न घेतां उठल्या.

हें वर्तमान घाटमाथ्यावर व्याह्यांस पोहोंचलें. नवरदेव दत्ताजी पासलकर, शाळेंत गणित शिकवीत, स्वभावें मऊ. परंतु वडील आबासाहेब तालेवार आणि बोलण्यास कडक. त्यांनीं फोन केला कीं, "सूनबाई, लग्नादिवशी ती जीप घाट चढून आमच्या दारी आली, तर पुढंही खुशाल चालवा. नाही आली तर तिला भंगारात घाला आन् घरी सुखानं बसा." बाईंचे वडील रंगोजी घाबरे जाहले आणि म्हणाले, "पोरी, मोठ्या माणसांचं ऐकावं." बाई बोलल्या, "ऐकलंय दादा. आली तर चालवा म्हणालेत." आणि त्याच पावलीं उठून बाबालाल मुजावर यांकडे गेल्या. बाबालाल म्हणजे सत्तरीचे उस्ताद. बाईंस इंजिन उघडावयास यांनींच शिकविलें. ते म्हणाले, "बेटी, नवं घेतो तो पैसेवाला, जुनं घेतो तो डोळेवाला. चल, डोळे घे."

दुसरे दिवशीं दोघांनीं जुन्या मालाचे बाजारावर कूच केलें. तेथें दरवाजांचे डोंगर, टायरांचे बुरूज, आणि त्यांमध्यें लालजी व्यापारी गादीवर बसले होते. त्यांनीं रंग दिलेली, आरशासारखी लखलखीत गिअरबॉक्स पुढें मांडिली आणि म्हणाले, "फिरवून बघा ताई. आवाज आला तर नाव बदलीन." बाईंनीं फिरविली. रेशमासारखी फिरली, शब्द नाहीं. रंगास भुलून बाईंचें मन तिजवर बसलें, हात पिशवीकडे गेला; इतक्यांत उस्तादांनीं खोकल्याचें निमित्त केलें आणि म्हणाले, "जुनं माणूस उठताना थोडं कण्हतंच. ही कण्हत का नाही?" मग बाईंनीं पाना मागितला, तळचा बोल्ट काढिला, तेल बोटावर घेऊन चोळिलें, तों बोटास लांकडाचा भुसा लागला. झिजले दात गप्प बसावे म्हणोन तेलांत भुसा कालविला होता. बाईंनीं तें बोट लालजींसमोर धरिलें. लालजी मांडीवर थाप मारून हसूं लागले. "ताई, तुम्ही गिऱ्हाईक नाही, वैद्य आहात! मागं चला."

मागें एक जीप पडली होती, ट्रकची धडक पाठीमागून बसलेली. मागील अंग चेपलें, पुढील शाबूत. तिची गिअरबॉक्स चिखलानें माखलेली आणि फिरवितां जराशी कुरकुरे. बाईंनीं तेल काढिलें. काळें, परंतु त्यांत भुसा नाहीं, लोखंडाचा चुरा नाहीं. झांकण उघडून बॅटरीचे उजेडीं एकेक दात मोजिला. सर्व धड. उस्ताद म्हणाले, "कण्हते, पण खरं बोलते." बाई बोलल्या, "हीच."

मग पांच दिवस उस्तादांचे अंगणीं मोहीम चालली. हळदीचा दिवस आला तरी बाई गाडीखालीं. करवल्या हळद घेऊन तेथेंच आल्या, तेव्हां पाय बाहेर होते त्यांस लाविली, आणि ग्रीसचे हातांस कोठें लावावी यावर हशा जाहला. दत्ताजींचा फोन आला, "तुम्ही गाडी चालवा, मी शेजारी बसेन. फक्त घाटात मला मळमळतं, ते वडिलांना सांगू नका." बाई गाडीखालीं इतक्या हसल्या कीं हातचा नट घरंगळला आणि शोधण्यास सारी वऱ्हाडी मंडळी ओणवी जाहली.

माघ वद्य द्वितीयेस सकाळीं घाटाखालीं लग्न लागलें. आबासाहेब वऱ्हाड घेऊन पुढें माथ्यावर गेले आणि वाटेकडे डोळे लावून बसले. बाई शालू खोचून बसल्या, शेजारीं नवरदेव लिंबू हुंगीत, मागें करवल्या आणि सनईवाले. शेवटची चढण आली, जेथें पूर्वीं दात तुटले तीच. बाईंनीं क्लच दाबिला, दुसरा गिअर टाकिला. गिअरबॉक्स कुरकुरली, आणि दातांनीं धरिलें. जीप हत्तीसारखी चढूं लागली. मागें सनई सुरू जाहली, बाईंनीं हॉर्न दिला, आणि दत्ताजी मळमळ विसरून ओरडले, "चढली!"

माथ्यावर आबासाहेब पुढें आले, बॉनेटवर हात ठेविला, चटका बसला तरी काढिला नाहीं. म्हणाले, "सूनबाई, उद्या मला बाजारात न्याल?" बाई बोलल्या, "नेते. पण मागं बसावं लागेल, पुढची जागा बाळंतिणीची आहे." ऐसें ऐकून आबासाहेब मोठ्यानें हसले आणि मंडळींस पेढे वाटा म्हणोन आज्ञा जाहली.

सारांश, वर्कशॉपानें मेली म्हटलेली जीप आजही घाट चढते, बाई चालवितात, बारा वाड्या सुखी आहेत. ऐकणारांस प्रवास सुखाचा घडो. इति.