दाराला टांगलेला माउस

बावड्यात आमच्या दाजींचं टायपिंगचं दुकान आहे. लोकांच्या दुकानाला लिंबू-मिरची असते. यांच्या दाराला कॉम्प्युटरचा माउस टांगलेला आहे. वायरीला गाठ, तोंड खाली. आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कपाळाला तो हमखास लागतो. का म्हणून विचारावं, तर उत्तर, "दिष्ट लागू ने म्हणून."

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. नात्यानं मान द्यावा लागतो, आणि मुळात मी बोलणारा माणूस नाही. म्हणून इतके दिवस गिळून बसलो. आता बोलतो.

दुकान अक्का-दाजी दोघांचं. कॉम्प्युटर मी दिलेला. जुना, पण त्यावर सगळं होतं. चित्रं होती, बाण होता. गेल्या वर्षी अक्काच्या अंगावरून वारं गेलं, दवाखान्यातून ती घरी आली, आणि नेमकं त्याच वेळी या गृहस्थाला नवं खूळ लागलं. कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं, लिनक्स टाकलं, वर पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा कसलासा विंडो मॅनेजर बसवला. सुरू केलं की नुसता काळा पडदा. बटणं दाबल्याशिवाय काही उगवत नाही. घरात बायको अंथरुणाला खिळलेली आणि हे खेळण्यात रमलेले!

सणसरहून एक जण लेकीच्या लग्नाची पत्रिका करायला आला. पडदा बघून म्हणाला, "लाइट गेली व्हय?"

"न्हाय. चालू हाय की."

"मग कायच दिसंना की?"

"तुमी कुठं काय मागितलंय अजून?"

गिऱ्हाइकाशी असं बोलतात?

मी भांडलो, तर मलाच शिकवणी. "पाव्हणं, तुमच्या हापिसात खिडक्या एकमेकींच्या उरावर बसत्यात. हितं सरळ वाटणी. एकच खिडकी असंल तर अख्खं रान तिचं. दुसरी आली, निम्मं-निम्मं. बांध कोरायचा न्हाय." शिवाय सिस्टीम म्हशीगत नको, शेळीगत पाहिजे; थोडक्यात भागवून जुन्या मशिनीवर पळणारी. आणि कुठलाही विषय निघो, शेवट ठरलेला, "बटनांवरनं हात उचलायचा न्हाय."

हात तरी किती? एक! धडधाकट माणूस, पण उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा आणि डाव्यानं टकटक करायचा. चुकायचा, शिवी हासडायचा, परत दाबायचा. समोर माणसं ताटकळलेली. बघून माझं डोकं फिरायचं.

कडेलोट झाला तो कानावर आलं तेव्हा. दाजी म्हणे आता अक्काला रोज दुकानात आणून बसवतात. आजारी बाईला! कामाला!

रविवारी इंदापूरहून निघालो ते ठरवूनच. अक्काला आपल्या घरी आणायचं. आणि खिशात एक नवाकोरा माउस. तो दाजींच्या समोर आपटायचा.

दाजी चहा सांगायला गेलेले. अक्का खुर्चीत. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. डावा बटणांवर. एक टकटक, पत्रिका. दुसरी टकटक, तिच्या शेजारी कुणाचा तरी अर्ज. वर न बघता म्हणाली, "बस. नवरीच्या मामाचं नाव ऱ्हायलंय, तेवढं घालते."

मी तिची बोटं बघत राहिलो. खिडक्या हलवायची, मिटायची, बदलायची सगळी बटणं कीबोर्डाच्या डाव्या अंगाला. उजवीकडं एकही नाही.

"दवाखान्यातनं आल्यावर पयल्यांदा हितं आले तवा माउस धरला," ती म्हणाली. "हात एकच. त्यो माउसवर गेला तर बटनं कुणी दाबायची? निस्ता हात हिकडनं तिकडं. रडायला आलं. ह्यांनी तितंच माउस उपटला आन् दाराला टांगला. मग हे लिनक्स टाकलं, आन् रोज सोताचा उजवा हात मांडीखाली घालून बसायचं. एकेक बटन लावून बघायचं, मला पोचतंय का."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तू बघतोस कुठं माझ्याकडं? येतोस, भिंतीवरच्या कॅलेंडराशी बोलतोस, जातोस."

खरं होतं. तो हात मला बघवत नव्हता. दाजींवर चिडलं की तिकडं बघावं लागत नव्हतं.

दाजी आले. माझा चेहरा बघून त्यांना कळलंच. चहाचा कप हातात घेऊन उभेच राहिले. एरवी कुणाला बोलू न देणारा माणूस हळूच म्हणाला, "न्यायला आलाय? तिला इचारा."

"मी न्हाय येत," अक्का म्हणाली. "ही पत्रिका आज द्यायचीय."

मग कुठं दाजी खाली बसले. हिशोबी नजरेनं म्हणाले, "खिशात काय फुगलंय, पाव्हणं?"

मी माउस काढला. त्यांनी तो उलटासुलटा केला, वायर ताणून बघितली.

"झ्याक हाय. घराच्या दाराला नव्हताच."

जाताना त्यांच्या घराच्या दाराला मीच बांधला. आता दर रविवारी माझ्याच कपाळाला लागतो.