बखर कंदीलमाशाच्या ठिपक्याची

जमिनीची वाटणी जाहली, पाण्याची जाहली, परंतु पाण्याच्या तळचा मुलूख अद्याप कोणाच्या नावे चढला नाही. तेथे सूर्याचा अंमल चालत नाही आणि जो तो आपापला दिवा घेऊन फिरतो. त्या काळ्या मुलुखाची एक मातबर सरदारीण आपल्या समुद्राच्या हद्दीत कैसी सापडली, तिची नोंद होऊ नये म्हणून कोण आडवे आले, आणि मत्स्यपालबाईंनी थंड डोक्याने व त्याहून थंड पेटीने ही मोहीम कैसी तडीस नेली, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. तिखटमीठ लाविले नाही. विषय माशाचा असल्याने मोह बहुत जाहला, तो आवरला.

मत्स्यपालबाई म्हणजे संग्रहालयाच्या मासेखात्याच्या मुख्य अधिकारी. अंगाने किरकोळ, चष्मा जाड, बोलणे मोजके, आणि एकदा मनात घेतले की ब्रह्मदेवाच्या बापाचेही ऐकावयाचे नाही ऐसा स्वभाव. त्यांचा मुलूख म्हणजे तळमजल्याची मागली खोली. तेथे काचेच्या बरण्यांतून रंग उडालेले मासे ओळीने खडी ताजीम देत उभे, गळक्या नळाची टपटप हीच काय ती नौबत, आणि भिंतीवर समुद्राचा थोरला नकाशा. कोणता मासा कोठे सापडतो हे त्या नकाशावर ठिपके देऊन दाखविलेले असे. जेथे पूर्वी कधी न दिसला तेथे एखादा मासा प्रथमच मिळाला तर त्यास नवी नोंद म्हणावे आणि पंचमंडळीने शहानिशा करून एक ठिपका नवा द्यावा, ऐसा दंडक. बाईंनी आजवर दुसऱ्यांचे ठिपके बहुत पुसून झळकाविले, परंतु त्यांचा स्वतःचा ऐसा एकही ठिपका त्या नकाशावर नव्हता. हे शल्य त्या कोणास सांगत नसत, सबब सर्वांस ठाऊक होते.

ऐशात शुक्रवारी सकाळी बाई चहाचा पहिला घोट घेतात तोच खोल समुद्रात जाणाऱ्या एका होडीच्या तांडेलाचा फोन आला. या तांडेलास, आणि बंदरातल्या झाडून साऱ्या तांडेलांस, बाईंनी आपला नंबर देऊन ठेविला होता, की अनोळखी मासा दिसताच कळवावे.

"बाई, जाळ्यात काळं काहीतरी आलंय. भोपळ्याएवढं. कपाळातून दांडी निघालीय आणि दांडीच्या टोकाला दिवा. खायची हिंमत होत नाही आणि टाकायला हात होत नाही. काय करू?"

"काही करू नका! म्हणजे बर्फात ठेवा. दांडी मोडू देऊ नका. मी निघालेच."

मग चहा तैसाच राहिला, आणि बाईंनी थर्मोकोलची पेटी काखोटीस मारून बंदराकडे कूच केले, आणि ओल्या फरशीवरून, क्रेटांच्या तटबंदीमधून, पाण्याच्या नळ्या ओलांडीत होडीपाशी दाखल जाहल्या. तेथे बघ्यांचा वेढा पडला होता. कोणी त्या प्राण्याच्या जबड्याशी आपला चेहरा नेऊन फोटो काढीत होता, कोणी हा अपशकुन म्हणत होता, आणि एक मांजर निर्वाणीच्या हल्ल्याची संधी पाहात होते. बाईंनी वेढा फोडला आणि गुडघ्यांवर बसून पाहिले, तो काय! काळीकुट्ट काया, डोळे मोहरीएवढे, मुख मात्र वेशीच्या दरवाज्याएवढे, त्यात सुयांसारखे दात, आणि कपाळी तो दिवा. खासा कंदीलमासा! साऱ्या दुनियेत हाताच्या बोटांवर मोजावे इतुकेच सापडलेले, आणि ते सर्व दूर दक्षिणेच्या समुद्रात. बाईंनी त्याची आजवर चित्रेच पाहिली होती. त्यांचे डोळे भरून आले. हे खाऱ्या वाऱ्यामुळे, ऐसे त्यांनी तांडेलास सांगितले, आणि तांडेल समजूतदार, त्याने ते मानले.

मग पेटीत बर्फ भरून स्वारी संग्रहालयी परतली, तो तेथे दोन संकटे वाट पाहात उभी. पहिले ऐसे की संग्रहालयाच्या मोठ्या फ्रीझरची मोटर त्याच दिवशी जळाली आणि कारागिराने सोमवारचा वायदा केला. दुसरे संकट म्हणजे संग्रहालयाचे प्रमुखसाहेब. साहेब वयाने वडील, विद्येने दांडगे, माशांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि पंचमंडळीचे मुख्यही तेच. त्यांनी पेटीत डोकावून पाहिले, मासा ओळखला, क्षणभर भुवई चढविली, आणि मग शास्त्राचा दाखला देऊन फर्माविले की हा दक्षिणेकडला मासा आहे, मेल्यावर प्रवाहाबरोबर वाहात आला असेल.

"वाहत आलेल्या पाहुण्याला आपण रहिवासी म्हणत नाही, बाई. जे नकाशात नाही ते समुद्रात आहे म्हणायचं, तर पुरावा तसा पाहिजे."

आणि हुकूम जाहला की सोमवारी पंचमंडळी बसेल, तेव्हा हा मासा याच पाण्यात नांदत होता ऐसे सिद्ध करावे. न केल्यास भटक्या माशांच्या कपाटात त्याची रवानगी व्हावी आणि ठिपका मिळू नये. साहेबांचे बोलणे कठोर, परंतु गैरवाजवी नव्हते, आणि बाईंस तेच अधिक झोंबले. रसायनात बुडविला तर अंग आखडते आणि रंग जातो, तपासणी तर ताजेपणीच व्हावी. सोमवारपर्यंत मासा गारठ्यात राखावा कोठे? बाईंनी मनाशी बहुत मसलत केली आणि अखेर ओठ घट्ट मिटून घरचा रस्ता धरिला.

घरच्या फ्रीझरवर सासूबाईंचा अंमल. त्यात वाटाण्यांची रसद, आणि रविवारी दुपारी मैत्रिणी यावयाच्या म्हणून आणिलेले आइस्क्रीम. सून पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या सरहद्दीवर उभी राहिली हे पाहताच सासूबाई कमरेस हात देऊन सामोऱ्या आल्या.

"हे काय आणलंस?"

"मासा आहे, आई. सोमवारपर्यंतचा प्रश्न आहे."

सासूबाईंनी झाकण उचलिले आणि मागे सरल्या.

"मासा असा असतो? हा तर रागावलेला दिसतोय."

"ती मादी आहे."

सासूबाईंनी पुन्हा पेटीत डोकावून पाहिले. "मग कारण असेल काहीतरी," ऐसे म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज किंचित उतरला. बाईंनी हे हेरिले आणि तेथेच तहाची बोलणी लाविली. मग उभयपक्षी ठरले की माशास पिशवीत पिशवी ऐसे गुंडाळावे, खालच्या कप्प्यात ठेवावे, वाटाण्यांनी शेजारच्या घरी आश्रय घ्यावा, आइस्क्रीमने जागा सोडू नये, मैत्रिणींपाशी या गोष्टीचा ब्रदेखील काढू नये, आणि रविवारी सुनेने मैत्रिणींमध्ये बसून हसतमुखाने गप्पा माराव्या, मध्येच उठून जाऊ नये. हे शेवटचे कलम सर्वांत जड होते. बाईंनी ते गिळिले आणि तह जाहला.

आता पुरावा आणावा कोठून? माशाच्या हाडांचा एक्स-रे काढावा तर संग्रहालयाचे यंत्र दुसऱ्या गावी उसने गेलेले. परंतु दैव बाईंच्या पक्षी होते, ते ऐसे की यजमान दंतवैद्य. रविवारी सकाळी दवाखाना बंद, आत कोणी नाही. दोघांनी मासा खुर्चीवर निजविला, आणि दंतवैद्यांनी सवयीने त्याच्या गळ्याशी कागदी रुमाल बांधिला, वरचा दिवा लाविला आणि जबडा उघडून पाहिला.

"दात उत्तम आहेत. कधी घासले नसतील, तरी उत्तम." मग ते पोटाकडे सरकले. "इथे एक गाठ दिसतेय गं. काढू का?"

चिमटा गाठीवर टेकला मात्र, बाई ओरडल्या. "थांबा! तो नवरा आहे!"

"कोणाचा?"

"हिचा!"

मग बाईंनी समजाविले की या जातीत नर एवढासा. काळोखात मादी सापडली की तिच्या अंगास दात रोवितो, आणि मग दोघांचे कातडे एक, रक्त एक. त्याचे डोळे जातात, पोट जाते, आणि ती खाईल त्यात याचा निर्वाह. दंतवैद्य ऐकत राहिले.

"आणि सुटायचं म्हटलं तर?"

"सुटत नाही."

दंतवैद्यांनी चिमटा हळूच खाली ठेविला, आणि पत्नीने सकाळी भरून दिलेला डबा टेबलावर होता तो नजरेआड सारिला.

इतकियात दार ढकलून एक गृहस्थ गाल धरून आत आले, की दाढ असह्य दुखते, बंद असला तरी बघा. त्यांची नजर खुर्चीकडे गेली. खुर्चीवर गळ्यास रुमाल, वर दिवा, आणि तो वासलेला जबडा. "बरी आहे आता," ऐसे म्हणोन ते आल्या पावली गेले. दंतवैद्य त्यांच्या मागे धावले, जिन्यात गाठून उद्याची वेळ दिली, आणि परत आले.

मग एक्स-रे सुरू जाहले. दातांची फिल्म चिमुकली, मासा भोपळ्याएवढा. सबब तुकड्यातुकड्याने काढावे आणि खिडकीच्या काचेवर चिकटवीत जावे. पाठीचे मणके आले, जबडा आला, कपाळीची दांडी आली, आणि पोटाचे तुकडे जुळविले तो त्यात दुसऱ्याच एका लहानग्या माशाचा सांगाडा दिसला. माशाच्या पोटी मासा! बाई काचेस नाक लावून पाहू लागल्या. डोक्याचा भाग विरघळत आलेला, म्हणजे हे भोजन जाळ्यात शिरल्यावरचे नव्हे, त्याच्या पुष्कळ आधीचे. आणि शेपटीपाशी दोन मणके एकमेकांत पीळ घातल्यासारखे वळलेले.

बाई मागे सरल्या आणि दंतवैद्यांच्या फिरत्या स्टुलावर मटकन बसल्या.

"काय झालं?"

"हा पीळ एकाच माशाला असतो. आणि तो मासा आपला समुद्र सोडून जगात कुठेच नाही."

"हे कोणी ठरवलं?"

"आमच्या साहेबांनी. तरुणपणी. त्यांचाच शोध आहे तो."

दंतवैद्य हसू लागले. बाई हसल्या नाहीत. शत्रूच्याच बुरुजावरून तोफ डागावी हे युद्धशास्त्रास संमत, तरी साहेबांपाशी त्या मासे ओळखावयास शिकल्या होत्या, आणि त्यांस भरसभेत खाली पाहावयास लावावे हे मनास रुचेना. त्या दुपारी मैत्रिणींमध्ये बसल्या, तहाप्रमाणे हसल्या, परंतु कोणी काय बोलले यातले अक्षर कानी गेले नाही. अखेर त्यांनी ठरविले की आपण वाद घालू नये. फिल्म दाखवावी आणि उगे राहावे.

सोमवारी पंचमंडळी बसली. साहेबांनी प्रवाहांचे, ऋतूंचे, वाहून आलेल्या माशांचे दाखले दिले आणि बाईंस पुरावा मागितला. बाई उठल्या, चिकटवून चिकटवून जोडलेली ती फिल्म खिडकीच्या काचेवर लाविली, आणि बाजूस जाहल्या.

साहेब जवळ गेले. चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला. बोट त्या पीळ घेतलेल्या मणक्यांवर आले आणि तेथेच थांबले.

"हा... हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"हिच्या पोटात, साहेब."

"तेव्हापासून परत दिसलाच नाही हो हा." साहेबांचा आवाज सभेचा राहिला नव्हता. "परदेशातले लोक म्हणत होते, असा मासा नाहीच. मणके काढताना माझ्याच हातून वाकले असतील म्हणाले. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं होतं." मग त्यांनी हळूच विचारिले, "पूर्ण आहे का?"

"डोकं थोडं विरघळलंय."

"असू दे, असू दे."

बाईंनी मान खाली घातली. मग पंचांपैकी एकाने घसा खाकरून विचारिले की साहेब, मग कंदीलमाशाचे काय करावयाचे?

साहेब गर्रकन वळले. "काय करायचं म्हणजे? बाई इथे जेवते, इथे नवरा बाळगते, आणि तुम्ही तिला पाहुणी म्हणता?"

पाहुणी कोणी म्हटले होते हे सर्वांस ठाऊक होते. परंतु पंचमंडळीने सुज्ञपणे माना डोलाविल्या, आणि ठराव एकमते मंजूर जाहला. साहेबांनी लेखणी घेतली, नकाशापाशी गेले, जागा नेमकी हेरिली, आणि ठिपका देण्यासाठी उचललेला हात तेथेच थांबवून लेखणी बाईंपुढे केली. बाईंनी लेखणी घाईघाईने टेकिली, सबब ठिपका किंचित तिरपा पडला. पुसून नीट करू काय, ऐसे त्यांनी विचारिले. साहेब म्हणाले, राहू द्या, समुद्रात काहीच सरळ रेषेत नसते.

तदनंतर मोटर दुरुस्त जाहली, माशाच्या पोटातून साहेबांचा मासा हलक्या हाताने काढिला, साहेब त्या वेळी शेजारी उभे राहून श्वास रोखून होते, आणि दोन्ही मासे दोन बरण्यांत शेजारी शेजारी विराजमान जाहले. पुढल्याच आठवड्यात सासूबाई मैत्रिणींस घेऊन संग्रहालयी दाखल जाहल्या. आजवर सुनेच्या कचेरीत त्यांनी पाऊल ठेविले नव्हते. थोरल्या बरणीपुढे मैत्रिणी थबकल्या, एकीने पदर नाकास लाविला, एकीने विचारिले की हे ध्यान कोण?

सासूबाईंनी बरणीच्या काचेवर मायेने हात टेकिला.

"असं नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस आमच्याकडे राहून गेली हो. काही म्हणजे काही त्रास नाही."

येणेप्रमाणे कंदीलमाशाची मोहीम सुफळ जाहली. समुद्राच्या नकाशावर, पूर्वी जेथे निव्वळ निळे होते तेथे, एक ठिपका तिरपा परंतु कायम दाखल आहे. मत्स्यपालबाईंची फत्ते, साहेबांची इभ्रत शाबूत, तांडेलास पत्र रवाना, दाढेच्या गृहस्थांस आराम. जे घडले ते इतुकेच, आणि जे लिहिले ते त्याहून कमी नाही.