परबकाकांच्या तिरक्या दोऱ्या

दिंडोशीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या आहेत आणि तिन्ही तिरक्या आहेत. जिन्याच्या भिंतीवर एक उंच, एक मधे, एक खाली. दुसऱ्या टोकाला तिन्ही टाकीजवळच्या एकाच खिळ्याला. वरच्या दोरीवरचे कपडे घसरत टाकीकडे जातात, खालच्या दोरीवरचे जिन्याकडे. सगळी इमारत वैतागलेली. पण दोऱ्या परबकाकांनी बांधल्यात, आणि परबकाका कुणाला हात लावू देत नाहीत.

काका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून तक्रार घेऊन वर गेलो, तर त्यांनी मलाच दोरीपाशी उभं केलं.

"ही वरची म्हणजे अणूच्या पोटातलं सगळं घट्ट बांधून ठेवणारं बल. मधली, किरणोत्सर्ग घडवणारं. खालची, वीज आणि चुंबक. जिन्यापाशी आपलं रोजचं जग, तिथे तिघांची ताकद वेगवेगळी. आता टाकीकडे चाल. हातभर पुढे गेलास की ऊर्जा दहापट."

मी चाललो. दोऱ्या जवळ येत गेल्या.

"खिळ्यापाशी तिघांची ताकद सारखी. म्हणजे मुळात एकच बल होतं रे. कुणी पाहिलं नाही अजून, पण गणित तसं म्हणतं."

खरं सांगतो, अंगावर काटा आला. समोर कुणाचा तरी लेंगा लोंबत होता, तरी आला.

"मग जुळलं की काका."

"कसलं जुळलं. स्ट्रिंग थिअरी म्हणते, सगळे कण म्हणजे सूक्ष्म तारांची थरथर. तिच्या हिशेबाने ही भेट इथे नाहीच. अजून हातभर पुढे." पुढे कठडा होता आणि कठड्यापलीकडे थेट मालाड.

"मग दोऱ्या जरा ओढून घ्या ना."

"ओढून नाय चालत. आपसूक यायला पाहिजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीटिंगला कोरम भरत नसला तरी हेच ऐकवतात.

गेल्या महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग ठरलं. दोऱ्या काढणं भागच होतं. भांडणाच्या तयारीनेच मी कात्री घेऊन वर गेलो. काका खिळ्याखाली स्टुलावर बसले होते.

"दोन काप," ते म्हणाले. "खालची तेवढी ठेव."

ज्या माणसाने आजवर बोटभर दोरी हलू दिली नाही, तो दोन बलं सोडायला तयार झाला होता. मी म्हटलं, "काका, एकट्या दोरीचं काय जुळणार?"

"हिचा हात तिथेच पोचतो रे."

तेवढ्यात काकू जिना चढून वर आल्या. दारात थबकल्या आणि गच्ची पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत राहिल्या. त्यांना हल्ली विसरायला होतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. किती, ते ठाऊक नव्हतं. चाचपडताना हाताला खालची दोरी लागली. ती धरून हळूहळू चालत त्या खिळ्यापर्यंत आल्या आणि काकांना विचारलं, "आमचे हे खंय दिसले काय तुमका?"

काका स्टुलावरून उठले.

"येतले," ते म्हणाले. "तवसर तुमी हंय बसा."

काकू बसल्या. काका बाजूला उभे राहिले, अनोळखी बाईच्या शेजारी उभं राहावं तसे, अदबीने, जरा अंतर ठेवून.