मैदानाचं नूतनीकरण आणि खो-खोचा लांबलेला हंगाम

मैदानाला सर्वांत मोठा धोका खेळाडूंपासून असतो. ऊन, शेळ्या, सभा, सत्कार आणि लग्नाचे मांडव मैदान निमूटपणे सोसतं. पण खेळाडू त्यावर रोज खेळतात, आणि त्यामुळे ते दुरुस्तीला मोकळं सापडत नाही. बाकीच्या महाविद्यालयांनी या प्रश्नापुढे हात टेकले आणि ऐन हंगामात मैदानं खोदून ठेवली. केज तालुक्यातलं आमचं महाविद्यालय त्यातलं नव्हे. आमच्या मैदान नूतनीकरण समितीनं पहिल्याच बैठकीत (चहा, भजी, पुन्हा चहा) एकमतानं ठराव केला, की कोणत्याही संघाचा हंगाम चालू असेपर्यंत मैदानाला कुदळ लागणार नाही. खेळाडूंची इतकी काळजी वाहणारी दुसरी समिती मराठवाड्यात नसेल. मी तिचा सदस्य-सचिव असल्यामुळे हे अगदी तटस्थपणे सांगू शकतो.

ठराव काही डोळे झाकून केला नव्हता. आधी हंगामांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. मुलांचा कबड्डी संघ दिवाळीच्या आतच हरून मोकळा होतो. व्हॉलीबॉलचा संघ कागदावर आहे, आणि कागदाला मैदान लागत नाही. क्रिकेटवाले नदीच्या पात्रात खेळतात (नदीची हरकत नाही, नदीत पाणीही नाही). उरला मुलींचा खो-खो संघ. त्याचा हंगाम गेली अकरा वर्षं सरासरी एक दुपार चालत आलेला आहे, आणि त्यात जेवणाची सुट्टीही धरलेली आहे. तेव्हा संघ पहिला सामना हरला की काम सुरू, असं वेळापत्रक अध्यक्ष सुंदररावांनी मंजूर केलं. सुंदरराव मोठे बागायतदार. त्यामुळे जमिनीचं त्यांना कळतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. गुत्तेदार धर्मराज तर इतका वक्तशीर, की त्यानं सामन्याच्या दिवशीच जेसीबी आणून मैदानाच्या कडेला उभा केला.

आणि संघ जिंकला. मुली परळीहून जीपमध्ये कोंबून, गुलाल माखून, बोंबलत परत आल्या तेव्हा जेसीबीचं इंजिन सुरू झालेलं होतं. ते बंद करावं लागलं.

पहिला विजय समितीनं अपघात म्हणून सोडून दिला. दुसरा झाला तेव्हा मात्र चौकशी लावली. चौकशीत दोन कारणं आढळली. एक, यंदाची नवी कर्णधार सुकन्या. ही मेंढपाळ म्हाळूची मुलगी, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. लहानपणापासून मेंढरांमागे पळाल्यामुळे ती कुठं वळेल याचा अंदाज मेंढरांनाही येत नाही, तिथं परळीच्या मुलींना काय येणार! दुसरं कारण आमचं मैदान. त्यात इतके दगड आहेत, की तिथं पळायला शिकलेली मुलगी सपाट मैदानावर कुणाच्या हाती लागत नाही. म्हणजे मैदान खराब म्हणून संघ जिंकतो, आणि संघ जिंकतो म्हणून मैदान खराब राहतं. हा मुद्दा मी वाचून दाखवला तेव्हा भजी कुणी घेईना.

मग उपाय सुरू झाले. संघाचं प्रोत्साहन थांबवण्यात आलं. ते पूर्वीही नव्हतं, त्यामुळे फरक जाणवला नाही. सरावाच्या वेळेला मैदानातच ‘पराभव: एक संस्कार’ या विषयावर व्याख्यान ठेवलं. व्याख्याते मधोमध उभे राहिले; मुलींनी त्यांनाच खांब धरून सराव केला. संघ उपांत्य सामनाही जिंकला.

शेवटी सुंदररावांनी सुकन्येला ऑफिसात बोलावलं.

“बाळ, एक मॅच हर. एकच. मग बघ कसलं मैदान करून देतो. लाल माती, रोलर, लाइटी.”

“कुणाला?”

“तुलाच की!”

“आप्पा, माजं तर हे शेवटचं वर्ष हाय. हंगाम सपला की दुसऱ्या दिशी चकलांब्याचे पाव्हणे मला बगायला येनार. खेळ चालू हाय तवर न्हाई, असा माज्या बापानं शबूद दिलाय. आन् फायनल जिंकली तर विद्यापीठाच्या टीममदी जाता येतं, लांब लांब खेळता येतं. मग मी कावून हरू?”

सुंदररावांकडे लाल मातीपलीकडे काही नव्हतं. धर्मराज थेट म्हाळूच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर, जाऊन बसला.

“म्हाळू, पोरीला सांग की बे! माजा जेसीबी गंजायला लागला.”

“तुमचा जेसीबी थांबलाय, माजे पाव्हणे थांबलेत. मी बी लई तंग हाय. पर मेंढरं इकतो मी, जबान न्हाई.”

आता अंतिम सामना कुठं घ्यायचा हा प्रश्न विद्यापीठाला पडला. एव्हाना सगळ्यांची मैदानं खोदलेली. न खोदलेलं एकच, आमचं. ठरावाची अशी कदर होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

सामन्याला गाव लोटलं. जेसीबीच्या बकेटमध्ये गादी टाकून मान्यवरांची सोय केली. चकलांब्याचे पाव्हणे आजच निकाल लागणार म्हणून पेढे घेऊनच आले होते. समिती, पाहुण्या संघाचा मान राखण्यासाठी, पाहुण्या संघाला ओरडून पाठिंबा देत होती. जेसीबीच्या ड्रायव्हरचा हात किल्लीवर होता.

शेवटच्या डावात आमची पळती होती. सोबतच्या दोघी बाद झाल्या आणि सुकन्या एकटी उरली. शिट्टी होईपर्यंत ती हाती लागली नाही तर सामना आमचा. ती डावीकडे गेली असं वाटलं तेव्हा उजवीकडे होती. खांबाला गिरकी घेताना आमच्याच एका दगडाला अडखळली, गुडघा फुटला, मागची मुलगी हात लांबवून झेपावली, आणि मी समितीच्या खुर्चीवर उभा राहून ओरडलो, “ऊठ पोरी! पळ!” (हे इतिवृत्तात नाही.) ती उठली. पळाली. शिट्टी झाली.

मला वेड्यासारखा आनंद झाला. धर्मराज कुणाच्या तरी खांद्यावर चढून नाचत होता. आपलं नुकसान झालंय हे त्याला बऱ्याच वेळानं आठवलं. म्हाळूनं पटका आभाळात उडवला आणि पाव्हण्यांनी आणलेले पेढे पाव्हण्यांनाच वाटले.

सुकन्येची विद्यापीठाच्या संघात निवड झाली, आणि ठरावात ‘कोणत्याही संघाचा’ असे शब्द असल्यामुळे हंगाम अजून चालूच आहे. नूतनीकरणाचा निधी आता मार्चअखेरीस परत जाईल. समितीनं कुंपणावर बोर्ड लावला आहे: ‘खेळ चालू असल्यामुळे काम बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

ही हकीकत मी अनेकांना सांगितली. शहाणी माणसं हळहळतात आणि विचारतात, मग मैदान कधी होणार? हळव्या मनाची माणसं विचारतात, मग पोरीचं लग्न कुठं जमलं? वाचता वाचता तुमच्या मनात यातला कोणता प्रश्न आला, ते मला सांगू नका. सुकन्येचा पुढचा सामना कधी आणि कुणाशी, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. समितीत एक सदस्य वाढवायचा आहे. आपली पात्रता मला पुरेशी वाटते.