जंतमुक्त कळपातली ढमी

"वहिनी, शेळी तोलल्याशिवाय जंताचं औषध पाजू नका. कमी पडलं तर जंत मरत नाहीत, शिकतात," असं गुरांच्या दवाखान्यातले जुने डॉक्टर मला म्हणाले होते. मी म्हटलं, "इथे आमची पोरगी शिकायला तयार नाही, आणि जंत शिकतायत होय?" ते हसले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली. दवाखान्याला तोलकाटा मिळावा म्हणून त्यांनी सातव्यांदा अर्ज केला होता.

मी पदवीधर आहे. मुलीला ताप आला तर वजन, वय आणि औषधाचे थेंब यांचं गणित तीनदा करते आणि चौथ्यांदा नवऱ्याकडून तपासून घेते. पण आमच्या चाळीस शेळ्यांना औषध पाजायला जंतनिर्मूलन मोहिमेचे पर्यवेक्षक आले, तेव्हा मी फक्त खुर्ची पुढे केली.

मोहिमेत शेळीचं वजन ठरलेलं होतं: पंचवीस किलो. वरच्या कार्यालयाने सरासरी काढून पाठवली होती. आमची ढमी चांगली पंचेचाळीस किलोंची. मुलगी वाढली ती तिच्याच दुधावर.

"साहेब, हिला जास्त लागेल ना?" नवऱ्याने विचारलं.

"दोन डोस दिले की दोन शेळ्या दाखवाव्या लागतात. आहे दुसरी?"

"दुसऱ्या आहेत, पण त्यांना पाजलंय की."

"मग झालं तर."

तक्त्यात एकच रकाना होता, 'औषध पाजले: होय / नाही'. चाळीसपैकी चाळीस होय. असं दर दोन महिन्यांनी, दीड वर्ष. जंतांनीही मोहिमेला सहकार्य केलं. कच्चे होते ते पहिल्या फेऱ्यांत गेले. जे टिकले त्यांचीच पिलावळ वाढली. कळपाला 'जंतमुक्त' असं प्रमाणपत्र मिळालं. फोटोत माझ्याशेजारी ढमी आहे. जरा बारीक दिसते. तेव्हा मला वाटलं, बरी दिसतेय.

मग तिच्या जबड्याखाली पाणी साचल्यासारखी सूज आली. खालची पापणी ओढून बघितली तर आत लाली नावाला नाही. जुन्या डॉक्टरांना फोन केला.

"जंत आतून रक्त पितायत," ते म्हणाले. "औषध पाजून चौदा दिवस झालेत ना? मग लेंड्या तपासून घ्या. अंडी भरपूर निघाली तर त्या औषधाचा उपयोग संपला. दुसऱ्या जातीचं मागा, दवाखान्यात असतं."

मुलीच्या डब्यातून लेंड्या दवाखान्यात नेल्या. अंडी भरपूर निघाली.

नवं औषध मोहिमेच्या पर्यवेक्षकांच्या सहीनेच मिळत होतं. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. "ताई, जंतमुक्त कळपाला नवं औषध देता येत नाही."

"अहो, अंडी आहेत त्यात."

"अंडी असतील. जंत नाहीत."

"मग अंडी घातली कोणी?"

"त्याची चौकशी वेगळी लावावी लागेल."

आधी प्रमाणपत्र रद्द व्हायला हवं होतं. त्यासाठी औषध लागू पडलं नाही, असं तक्त्यावरून सिद्ध करायचं. तक्त्यात लागू पडण्याचा रकानाच नव्हता, त्यामुळे त्यात 'नाही' लिहिता येत नव्हतं. समिती महिनाअखेरीला बसणार होती. तोवर माणुसकी म्हणून त्यांनी ढमीला जुन्याच औषधाचा एक डोस पाजला. पंचवीस किलोंचा. मी सही केली.

समिती बसायच्या चार दिवस आधी ढमी गेली. नवऱ्याने तिला एकट्याने उचललं. मोहिमेच्या हिशेबाने तिचं वजन एकदाचं बरोबर झालं होतं. मृत्यूचं कारण 'वय' असं लिहिलं गेलं. समितीने मोहीम शंभर टक्के यशस्वी ठरवून तिला मुदतवाढ दिली.

हे सगळं मी संतापाने लिहून काढत होते, तेवढ्यात आईला फोन करायची वेळ झाली. ती एकटी राहते.

"गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या गं."

"बरं." मी फोन ठेवला.

गेले आठ महिने आमचं बोलणं एवढंच आहे. गोळ्यांनी तिला बरं वाटतं की नाही, हे मी एकदाही विचारलेलं नाही. आता मी तिच्याकडे निघाले आहे. तुमचंही असं कोणीतरी असेल, ज्यांच्या नावापुढे तुम्ही रोज 'होय' लिहिता. आज फोन करू नका. जा, आणि उजेडात बसवून त्यांचा चेहरा नीट बघून या.