निष्कर्षाचा रकाना

नांदेडजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या असे लक्षात आले की, आपले तरुण डॉक्टर रुग्णाला बरे करतात, पण तो आजारी का पडला याचा विचार करीत नाहीत. बाब गंभीर होती. त्यावर 'वैद्य-शास्त्रज्ञ घडवणूक योजना' निघाली. दर वर्षी एका तरुण डॉक्टरला आठवड्यातले दोन दिवस वॉर्डातून मोकळे करायचे आणि त्याचा शास्त्रज्ञ करायचा. पहिल्या वर्षी एकच अर्ज आला, म्हणून डॉ. अमरेश यांची निवड अत्यंत चुरशीने झाल्याचे परिपत्रकात नमूद करण्यात आले.

अमरेश उदगीरच्या कापड दुकानदाराचा मुलगा. स्वभावाने भिडस्त. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता. हिमायतनगरकडच्या एकाच खेड्यातून किडनी निकामी होत चाललेले अकरा रुग्ण वॉर्डात आले होते. ना शुगर, ना बीपी. मग किडनी जाते कशाने? रोज काही औषध घेता का, असे विचारले तर अकराही जण मान हलवत : "न्हाई बा."

त्यातला आनंदराज गवंडी म्हणाला, "माझं जाऊ द्या साहेब, पण भावाचे बी पाय सुजून राहिलेत. त्याच्यापुरतं तरी लवकर हुडका."

अमरेश संशोधनाच्या मंजुरीचा अर्ज घेऊन हेडक्लार्क रेणुकादासांकडे गेला.

"साहेब, निष्कर्षाचा रकाना कोरा आहे."

"संशोधन अजून व्हायचंय ना, काका."

"संशोधन नंतर हो. निष्कर्ष असल्याशिवाय उपयुक्तता कशी ठरणार? उपयुक्तता नसेल तर मंजुरी कशी देणार?"

अमरेशने प्रामाणिकपणे लिहिले, 'माहीत नाही.' अर्ज आठ दिवसांनी शेऱ्यासह परत आला : 'उमेदवाराचे विषयाचे ज्ञान अपुरे आहे.' शेवटी त्याने 'पाण्यातील दोष' असे लिहिले आणि अर्ज दुपारपर्यंत मंजूर झाला.

तो उड्या मारतच योजनेचे समन्वयक डॉ. यज्ञेश यांच्याकडे गेला. "सर, मंगळवारी गावाला जाऊ? घरोघर बसून विचारतो."

"कशाला? निष्कर्ष तर मंजूर झालाय."

"पण खरं कारण वेगळं निघालं तर?"

यज्ञेश सरांनी चष्मा काढला. "अमरेश, त्या कागदावर चौदा सह्या आहेत. त्या चौदा लोकांचं काय करायचं?"

शिवाय मंगळवार रिकामा नव्हता. लातूरला 'जिज्ञासा विकास कार्यशाळा' होती आणि हजेरी सक्तीची होती. पहिल्या सत्रात जिज्ञासेची व्याख्या झाली, दुसऱ्यात तिचे नऊ प्रकार. प्रश्नोत्तरांचे सत्र सत्कार लांबल्यामुळे रद्द झाले. पुढच्या मंगळवारी त्याच कार्यशाळेची उजळणी होती. बुधवारचा दिवस दोन्हींचे अहवाल लिहिण्यात जाई. पाच महिन्यांत अमरेशने दहा प्रमाणपत्रे मिळवली, आणि वॉर्डातले अकरा रुग्ण चौदा झाले. चौदावा आनंदराजचा भाऊ होता.

त्या दिवशी अमरेशने आयुष्यात प्रथमच खोटे बोलून किरकोळ रजा टाकली आणि एसटीने ते खेडे गाठले. वॉर्डातून घरी गेलेल्या आनंदराजची बायको लुंबिनी कोपऱ्यावरच्या मल्लिनाथच्या किराणा दुकानात उभी होती. चहापत्ती, साबण, आणि मल्लिनाथने न मागताच पट्टीतून कापून दिलेल्या चार दुखण्याच्या गोळ्या.

"वहिनी, आनंदराज तर म्हणाले, औषध घेत नाही?"

"औषध कुठं? ही तर मल्लूअण्णाची गोळी हाय. कामावरून आले की एक, निजताना एक. सगळा गावच खातो."

मल्लिनाथही अभिमानाने म्हणाला, "आठ वर्षं झाली साहेब, एकाची तक्रार न्हाई."

परतल्यावर अमरेश धावतच समन्वयकांच्या खोलीत गेला. यज्ञेश सरांनी सगळे ऐकून घेतले. त्यांना वाईट वाटले, पण त्यांचाही इलाज नव्हता. रजेच्या दिवशी लागलेला शोध नियमात बसत नव्हता. त्या दिवशी अमरेश कागदोपत्री पोटदुखीने अंथरुणावर होता. योजना मात्र यशस्वी झाली. गावात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसले, अमरेशला 'वैद्य-शास्त्रज्ञ' ही पदवी मिळाली, आणि लोक यंत्राच्या थंडगार पाण्याबरोबर गोळी घेऊ लागले.

मग अमरेश स्वतःच गावात गेला. पारावर उभे राहून त्याने धीर गोळा केला आणि सांगितले, "ती गोळी बंद करा. तिनंच किडन्या चालल्यात."

"मग कंबर दुखल्यावर काय खायचं?" आनंदराजने विचारले.

"काही न खाता दुखणं कसं कमी होईल, ते… मला अजून माहीत नाही. शोधावं लागेल."

एक म्हातारा धोतर झटकत उठला. "चला रे. शास्त्रज्ञ म्हणून आले, अन् ह्यांनाच ठावं न्हाई." पार रिकामा झाला. एकटा आनंदराज बसून राहिला. त्याने खिशातल्या दोन गोळ्या काढून बराच वेळ तळहातावर धरल्या आणि पुन्हा खिशात ठेवल्या.

परतीच्या एसटीत अमरेशने कपाळ दाबून धरले होते. शेजारी एक सुशिक्षित गृहस्थ मासिकातली कथा वाचत होते, अधूनमधून खेडवळांच्या अडाणीपणावर हसत होते. त्यांनी आपुलकीने बॅगेतून पट्टी काढली. "डोकं दुखतंय? घ्या एक. काही होत नाही हो, मी तर रोज घेतो."

गृहस्थांचे नाव विचारायचे राहून गेले. तुमच्या ओळखीचे असावेत.